चार बोटं आखूड

चौथ्या दिवशी सकाळी सिस्टरला गाडीची किल्ली उचलायचीसुद्धा ताकद उरली नव्हती. हॉस्पिटलात सगळे तिला सिस्टर म्हणायचे, तिथून ते नाव घरी आलं आणि चिकटलं ते चिकटलंच. भाड्याची गाडी, स्वतः चालवायची, समुद्राकाठची पाच गावं, पाच दिवस. ऐकायला काय झकास! जाहिरातीतली गॉगलवाली बाई एका हाताने स्टिअरिंग धरून खुदुखुदु हसत होती. तिच्या शेजारी अप्पा बसलेले नव्हते, एवढाच काय तो फरक.

अप्पा म्हणजे सिस्टरचे वडील. वय एकोणऐंशी, जन्मभर गलबतं बांधणारे सुतार. गाडी त्यांना येत नव्हती, पण चालवायचे तेच. "डावीकडे घे. हळू! अगं, पुढे माणूस... बरं, खांब आहे तो." मागच्या सीटवर सिस्टरची पंधरा वर्षांची लेक, चिमणी. मोबाइलवरचा नकाशा तिच्या हातात. आजोबा डावीकडे म्हणाले की नकाशा हटकून उजवीकडे म्हणायचा, आणि मधल्या मध्ये सिस्टरचं भरीत.

अप्पांनी सिस्टरकडे कधी काही मागितलं नव्हतं. चहात साखर विसरली तरी मुकाट्याने प्यायचे. त्या माणसाने यंदा तोंड उघडलं. "जुनी गलबतं आता संग्रहालयांत ठेवलीत म्हणे. मला एक बघायचंय. नाकाडावर, पुढच्या टोकाला, तीनशे सतरा कोरलंय. आहे, बुडालं, की कुणाच्या चुलीत गेलं, ठाऊक नाही. पाय चालताहेत तोवर नेतेस?"

नाही कसं म्हणणार? सिस्टरने रजा टाकली.

आणि मग सुरू झाली ती वरात! पहिल्या गावात नांगरच नांगर, गंजलेले. दुसऱ्या गावात दीपगृह, पायऱ्या एकशे बारा. चिमणी हरणासारखी वर, सिस्टर कठडा धरून धरून. तिसऱ्या गावात दोन गलबतं होती. अप्पा दोन्हींच्या पोटाखाली वाकून वाकून फिरले, फळीला नाक लावलं. "हात लावू नका!" रखवालदार ओरडला. "हात कुठे? नाक आहे हे," अप्पा म्हणाले. पण ती दोन्ही दुसऱ्याच कुणाच्या हातची निघाली.

चौथ्या गावातही तेच. काचेच्या पेटीत दोरांच्या गाठी, भिंतीवर जुने नकाशे, मधोमध एक चिमुकली होडी. संग्रहालयाबाहेरच्या बाकावर सिस्टर मटकन बसली. चप्पल काढली तर पावलांवर पट्ट्यांचे वळ. क्लच दाबून दाबून डावी पोटरी दगड झाली होती.

"अप्पा, बास," ती म्हणाली. "उद्या सकाळी परत फिरायचं. परवा माझी ड्यूटी आहे."

"एक गाव राहिलंय."

"ते उलट्या दिशेला आहे! दोन तास जायचे, मग तिथून सहा तास घरी. मी माणूस आहे की इंजिन?"

"आई, इंजिनाला निदान तेल तरी घालतात," चिमणीने मध्येच चोच खुपसली.

"तू गप्प बस. एका गलबतासाठी एवढा हट्ट? जन्मात शंभर बांधलीत की तुम्ही!"

अप्पा काठीच्या टोकाने फरशीतली फट कोरत राहिले. मग म्हणाले, "बाकीच्यांत खोट नव्हती."

"म्हणजे?"

"तेव्हा मी नवा होतो. पाण्याखालची एक फळी कापली ती चार बोटं आखूड पडली. तेवढं लांब लाकूड दुसरं नव्हतं. मोठ्या मिस्त्रींना कळतं तर त्याच दिवशी हाकललं असतं. तुझ्या आजीचं औषधपाणी माझ्या रोजावर चालायचं. मग मी तुकडा जोडला. तिरका सांधा घातला, फटीत कापूस ठोकला, राळ ओतली, वरून रंग. कुणाला दिसलं नाही. गलबत गेलं. अकरा माणसं असायची त्याच्यावर."

"आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"आता बोललो ना."

सिस्टरच्या डोळ्यांपुढे लहानपणचं घर उभं राहिलं. वारा सुटला, खिडक्या थडथडायला लागल्या, की अप्पा पानावरून उठायचे. खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायचे, वारा पडेपर्यंत तिथेच. आई म्हणायची, "एवढा दांडगा पुरुष, आणि वाऱ्याला भितो!" सगळी पोरं फिदीफिदी हसायची. सिस्टरही हसली होती. ते आठवून आत्ता तिचे कान गरम झाले.

"चिमणे," ती चप्पल चढवत म्हणाली, "पाचव्या गावाचा रस्ता काढ. सकाळी सातला निघायचं."

पाचव्या गावाचं संग्रहालय म्हणजे मालाचं जुनं गोदाम. आत गार, ओलसर, तेलकट वास. आणि मधोमध लाकडी टेकूंवर तोललेलं एक भलंमोठं गलबत! अप्पा दारातच थांबले. चिमणी धावत पुढे गेली, मान वर केली आणि किंचाळली, "आजोबा! तीनशे सतरा!"

अप्पा काठी टेकत पुढे निघाले. सिस्टरने त्यांचा दंड धरला. रुग्णाला धरतात तसा नाही, बापाला धरतात तसा.

गलबताशेजारी माहिती सांगणाऱ्या बाई होत्या. आठ-दहा पाहुण्यांना घेऊन त्या नेमक्या त्याच बाजूला आल्या. "हे गलबत बेचाळीस वर्षं समुद्रात होतं. एकदाही बुडालं नाही. आणि हा बघा तिरका सांधा. ही इथल्या कारागिरांची खास पद्धत! फुगणाऱ्या लाकडाला जागा मिळावी म्हणून मुद्दाम ठेवलेला. आमच्या तज्ज्ञांनी यावर मोठा लेख लिहिलाय."

सांध्याखाली काचेची पाटीसुद्धा होती. वर दिवा सोडलेला.

अप्पांनी घसा खाकरला. "बाई, ती पद्धत नाही. चूक आहे ती. फळी आखूड पडली होती."

"असं कोण म्हणतं, आजोबा?"

"मी म्हणतो. मीच कापली."

पाहुणे हसले. बाईही हसल्या, पण प्रेमाने. "आजोबा, चूक असती तर बेचाळीस वर्षं टिकली असती का? आजूबाजूच्या सगळ्या फळ्या बदलाव्या लागल्या. ही एकच मूळची आहे." आणि पाहुण्यांना घेऊन त्या पुढच्या दालनात गेल्या.

अप्पा तिथेच उभे. जन्मभराची चूक कबूल करायला एवढ्या लांब आले, तर ती कुणी पदरात घ्यायलाच तयार नाही! ते पुटपुटले, "सगळी आली परत. अकराच्या अकरा."

कोपऱ्यातला रखवालदार इकडेच बघत होता. हॉस्पिटलातला एकही नियम कधी न मोडलेली सिस्टर लंगडत त्याच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली. "दादा, बाथरूम कुठे आहे हो? नाही, नीट समजावून सांगा. इथून उजवीकडे? आणि मग?"

तो सांगत होता तोवर अप्पांनी फळीवर तळहात ठेवला. सांध्यावरून बोटं फिरवली, एकदा, परत एकदा.

परतीला अजून सहा तास होते. सिस्टरचे डोळे चुरचुरत होते, पोटरी ठणकत होती. गावाची वेस ओलांडली आणि वारा सुटला. असातसा नाही. रस्त्यावर वाळूचे लोट, पाट्या खडखडताहेत, गाडी एका अंगाला ढकलली जातेय. सवयीने तिने शेजारी पाहिलं. आता सूचना येणार: हळू, डावीकडे, खिडकी लाव.

अप्पांची मान सीटबेल्टच्या पट्ट्यावर कलली होती. तोंड उघडं, बारीक घोरणं चाललेलं.

"आई, उठवू का त्यांना?" चिमणीने विचारलं. "वारा बघ ना किती!"

"खबरदार उठवलंस तर," सिस्टर म्हणाली, आणि पोटरी दुखत असतानाही गिअर इतक्या हळू बदलला की त्यांचं डोकं जरासुद्धा हललं नाही.