घरच्या पाण्याचा अर्थ

"ती म्हणजे मृत्यू," असं सांगून रामराव तायडे सरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. चष्मा पुसायला घेतला की सरांचं बोलणं संपलं, हे वाचनालयात सगळ्यांना ठाऊक होतं. टाळ्या पडल्या. सर दरवर्षी मृत्यूच सांगत, आणि टाळ्याही दरवर्षी तेवढ्याच पडत.

त्यांच्याआधी कॉलेजातले मराठीचे प्राध्यापक ती म्हणजे भाषा असं सांगून बसले होते. बँकेतल्या एका साहेबांना ती स्वातंत्र्य वाटली होती. वकीलसाहेबांना ती सातपुडा वाटली, पण त्यांचं शेतच पायथ्याला असल्यामुळे त्यांना कुठल्याही कवितेत सातपुडाच दिसतो.

जळगाव जामोदच्या त्या वाचनालयात कवी महादेवराव उमाळे यांची पुण्यतिथी अशीच साजरी होत असे. फोटोला हार घालायचा, त्यांची ती गाजलेली कविता उभं राहून वाचायची, आणि मग ज्याने त्याने आपापला अर्थ सांगायचा. या मुलखात घरोघरी पोथीचं पारायण चालतं. एकाने ओवी वाचावी आणि दुसऱ्याने अर्थ सांगावा, ही सवय लोकांच्या हाडीमाशी खिळलेली. इथे पोथी तेवढी बदलली होती. कविता विद्यापीठाच्या पुस्तकात लागल्यापासून तर सगळ्यांना तिचा फारच अर्थ लागू लागला होता. कविता तशी मोठी होती, पण लोकांच्या तोंडी चारच ओळी होत्या:

तिच्या दारात मी चपला सोडतो
आणि अनवाणीच घरी येतो.
पायांना लागलेली तिच्या अंगणाची माती
घरच्या पाण्याने धुतली जात नाही.

पहिल्या रांगेत, उशी घातलेल्या खुर्चीवर, कवीच्या पत्नी जयमालाबाई बसल्या होत्या. दरवर्षी बसत. ती मृत्यू आहे, भाषा आहे, डोंगर आहे, हे सगळं मान हलवत ऐकून घेत आणि चहा पिऊन घरी जात. त्यांना कुणी अर्थ विचारत नसे. मूर्तीला कुणी आरतीचा अर्थ विचारतं का?

यंदा मात्र पेच होता. वाचनालयाच्या दारात त्या चार ओळी कोरलेला काळा दगड बसवायचं ठरलं होतं, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला कळावं म्हणून ओळींखाली थोडक्यात अर्थही कोरायचा होता. कागदावर एका कवितेचे दहा अर्थ सुखाने नांदतात. दगडावर एकच मावतो. तेव्हा ती कोण, हे आजच ठरायला हवं होतं. आणि म्हणूनच जयमालाबाई आज एकाही अर्थाला मान हलवत नव्हत्या. अर्थ हवेत विरून जायचे तोवर त्यांनी ते सोसले. दगड त्यांच्या घराच्या वाटेवर उभा राहणार होता, आणि त्या गेल्यावरही राहणार होता.

कारण ती कोण, हे त्यांना माहीत होतं. ती दोन खुर्च्या सोडून बसली होती.

महादेवराव मलकापूरला कापसाच्या एका जिनिंगमध्ये मुनीम होते. आठवडाभर तिकडे खोली करून राहायचे आणि शनिवारी गावी यायचे. गाव म्हणजे पूर्णेकाठचं खेडं. जयमालाबाई तिथे सासू, दीर आणि दोन लेकरं सांभाळून होत्या; जळगाव जामोदला राहायला आल्या त्या फार पुढे. एका शनिवारी नवरा अनवाणी आला. नव्या चपला देवळाबाहेरून चोरीला गेल्या म्हणाला. चपला चोरीला जाणं, त्यातही शनिवारी, म्हणजे साडेसाती गेली, असं आपल्याकडे मानतात. जयमालाबाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी त्याच संध्याकाळी मारुतीला तेल वाहिलं, नारळ फोडला आणि शेजारणींना बोलावून खोबरं वाटलं. आमची साडेसाती गेली, असं त्या गावभर सांगत सुटल्या होत्या.

पुढे दिवाळी अंकात कविता छापून आली. नवऱ्याचं नाव छापून आलं म्हणून जयमालाबाईंनी ती देवापुढे बसून वाचली. सातवी पास बाई, पण वाचता येत होतं, हाच तर घोटाळा झाला. मग एका लग्नासाठी मलकापूरला गेल्या तेव्हा त्या नवऱ्याच्या खोलीवर डोकावल्या. खोलीला कुलूप होतं. घरमालकीण सहज म्हणाली, की मुनीमजी मास्तरीणबाईकडे असतील, पलीकडच्या गल्लीत. त्या बिचारीला काय ठाऊक, ही कोण ते.

जयमालाबाईंनी नवऱ्याला एकदाच विचारलं. महादेवराव जराही गडबडले नाहीत. जेवता जेवता म्हणाले, "कवितेतली बाई ही बाई नसते. ती प्रतिमा असते." प्रतिमा म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. ज्या शब्दाने नवऱ्याने घरी वेळ मारून नेली, त्याच शब्दावर पुढे वाचनालयाने इतकी वर्षं पुण्यतिथी साजरी केली. महादेवरावांचे जुने मित्र, शिवणकाम करणारे रहेमतुल्लाभाई, तेवढे सगळं जाणून होते. त्यांची पाळी आली की ते म्हणत, आपण शिंपी माणूस, आपल्याला काय कळतं, आणि खाली बसत. जयमालाबाईंचे डोळे चुकवून बसत.

पण जयमालाबाईंना खरी डाचली ती बाई नव्हे. बाया पुरुषांच्या आयुष्यात येतात, जगाची रीतच आहे ती, असं त्यांनी मनाला समजावलं होतं. डाचलं ते पाणी. त्यांचं सासर खारपाणपट्ट्यात. घरच्या विहिरीचं पाणी असं खारट, की साबणाला फेस यायचा नाही आणि तुरीची डाळ शिजायची नाही. नवरा शनिवारी येणार म्हणून जयमालाबाई भल्या पहाटे गावाबाहेरच्या मळ्यातून गोड पाण्याच्या घागरी डोक्यावर आणायच्या. ते पाणी त्याच्या आंघोळीला आणि पाय धुवायला. स्वतः आठवडाभर खाऱ्या पाण्याने न्हायच्या. केसांचा काथ्या झाला होता. आणि त्या माणसाने लिहिलं होतं, की घरच्या पाण्याने धुतलं जात नाही. विद्यापीठाच्या पोरांनी ते पाठ केलं होतं.

प्राध्यापकांनी मघाशीच सांगितलं होतं, की घरचं पाणी म्हणजे साचलेली परंपरा. साचलेली! जयमालाबाईंनी तेव्हा पदर तोंडाला लावला होता.

आता अध्यक्षांनी सुवर्णा मॅडमना विनंती केली. मॅडम म्हणजे मलकापूरच्या निवृत्त मुख्याध्यापिका. लग्न केलं नव्हतं, गुडघे गेले होते, तरी पुण्यतिथीला एसटीने यायच्या आणि दरवर्षी ती म्हणजे कवीची प्रतिभा, एवढं बोलून बसायच्या. आज त्या खुर्चीला धरून उठल्या आणि उभ्या राहिल्या. आवाज शाळेतला, खणखणीत.

त्या म्हणाल्या, की आपण सगळे इतकी वर्षं फार लांब शोधत राहिलो. कवी पोटासाठी परगावी राहत होता. 'घरी' म्हणजे त्याची मलकापूरची भाड्याची खोली. आणि जिच्या दारात तो चपला सोडून येत असे, जिच्या अंगणाची माती त्याच्या पायांना चिकटून राहत असे आणि परगावच्या पाण्याने धुतली जात नसे, ती त्याची पत्नी. "ती म्हणजे जयमालाबाई," मॅडम म्हणाल्या. "दुसरी कुणी नाही. दुसरी कुणी नव्हतीच."

वाचनालय टाळ्यांनी दणाणलं. तायडे सर तर उठून उभे राहिले. आपण मृत्यूचा आग्रह सोडत आहोत, असं त्यांनी जाहीर केलं. वकीलसाहेबांनी सातपुडा मागे घेतला. कुणीतरी जयमालाबाईंच्या अंगावर शाल घालायला पुढे आलं.

या बाईने नेलं ते जयमालाबाईंनी गिळलं होतं. आज ती देऊ लागली होती. भरल्या सभेत, उष्टं काढून ठेवल्यासारखं, यांच्याच नवऱ्याचं प्रेम यांना वाढत होती! त्यांनी शाल हाताने बाजूला सारली आणि त्या उठल्या. बाई बोलणार, हे कुणाच्या ध्यानात यायलाच वेळ लागला.

"ती मी नाही," जयमालाबाई म्हणाल्या. "बाकी कोनी काई म्हनो. मी त्या कवितेत कुठं असन, तं ते घरचं पानी हाये. डोक्यावर वाहून आनेलं. ते माह्यं होतं."

एवढं बोलून त्या थांबल्या. त्यांना वाटलं, आता कुणीतरी विचारील, मग ती कोण? त्या सांगणार होत्या की नाही, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण विचारायला तर हवं होतं. रहेमतुल्लाभाई जमिनीकडे बघत होते. सुवर्णा मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

प्राध्यापक आधी सावरले. "वा!" ते म्हणाले. हा अर्थ आपल्या कुणाच्या डोक्यात कसा आला नाही, असं म्हणून त्यांनी कपाळावर हात मारला. ती म्हणजे बाहेरचं जग, त्याचा मोह, त्याची धूळ. आणि घरचं पाणी म्हणजे पत्नीचं निर्मळ प्रेम. एका साध्या गृहिणीने समीक्षेला मागे टाकलं, असंही ते म्हणाले. तायडे सरांनी तिथल्या तिथे वाक्य तयार केलं: 'घरचे पाणी म्हणजे कवीच्या सहधर्मचारिणीचे निर्मळ प्रेम.' दगडावर मावेल इतकं नेमकं झालं होतं.

"पन धुतलं जात नाही, असं लिहेल हाये ना त्याईनं," जयमालाबाई म्हणाल्या.

सर समजुतीने हसले. "वहिनी, आधुनिक कवितेत 'नाही' म्हटलं म्हणून ते 'नाही' असंच घ्यायचं नसतं."

यावर पुन्हा टाळ्या पडल्या. शाल आता त्यांच्या खांद्यावर आली होती आणि फोटो निघत होते. जयमालाबाई बसल्या. आणखी काय बोलणार? त्यांनी दगड फेकला असता तरी लोकांनी त्याचा अर्थ काढला असता.

चहाच्या वेळी त्या मागच्या व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या. आतून सभेतल्यांच्या गप्पा आणि आलुबोंड्यांचा वास येत होता. थोड्या वेळाने भिंतीला धरत धरत सुवर्णा मॅडम आल्या. शाळेतला आवाज त्या आतच ठेवून आल्या होत्या.

"मले वाटलं, तुमाले बरं वाटीन," त्या म्हणाल्या. "दगडावर तरी तुमचं नाव राहीन."

"तुमी नेलं, ते मी कोनाले सांगतलं नाही," जयमालाबाई म्हणाल्या. "पन देऊ नका मले काही. तुमच्या हातानं तं नकोच."

मॅडम खाली बघत म्हणाल्या, "मी इचारलं होतं त्याईले. कविता छापून आली तवा. म्हटलं, ही मीच ना?"

"मंग?"

"म्हने, कवितेतली बाई बाई नसते. प्रतिमा असते." मॅडमनी चष्म्याखालून डोळे टिपले. "मंग मीही पोरींले तसंच शिकवलं. जलमभर."

जयमालाबाईंनी त्यांच्याकडे प्रथमच नीट बघितलं. गुडघे गेलेली, केस विरळ झालेली म्हातारी बाई. महादेवरावांनी हिलाही तेच वाक्य वाढलं होतं, शब्दाला शब्द तोच. दोघींना मिळून एक! जयमालाबाईंना राग आला, पण कुणावर ते कळेना. क्षमा वगैरे त्यांनी काही केली नाही. तसं कथांमध्ये घडतं. मॅडमनी पायरी उतरताना आधारासाठी हात पुढे केला, तो मात्र त्यांनी धरला, कारण म्हातारं माणूस पडलं असतं. पायरी उतरून झाल्यावर सोडला.

दगड बसला तो गणपतीच्या आधी. काळाभोर, गुळगुळीत, सोनेरी अक्षरांचा. वर चार ओळी, खाली अर्थ, त्याखाली नगरसेवकांचं नाव अर्थापेक्षा मोठ्या अक्षरात. सुवर्णा मॅडम कार्यक्रमाला आल्या नाहीत. प्रकृतीचं कारण कळवलं. जयमालाबाईंच्या हस्ते पडदा सरकला.

पुढे बाजाराच्या दिवशी त्या भाजीची पिशवी घेऊन तिथून येत होत्या. शेजारच्या घरातली काजल, कॉलेजात जाणारी पोर, मैत्रिणीला दगड वाचून दाखवत होती. तिला परीक्षेला ही कविता होती. आजींना बघून ती पुढे आली आणि मैत्रिणीला म्हणाली, की ह्याच त्या.

"आजी, हे पानी म्हंजे तुमीच ना?"

"हाव."

"लय जीव असन ना मंग आजोबाचा तुमच्यावर?"

जयमालाबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. दगडाकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. पोरीचा चेहरा कसा कोवळा, उत्तर ऐकायला आतुर.

"लिहेल तं तसंच हाये," त्या म्हणाल्या आणि उन्हं चढायच्या आत घरी पोचायला हवं म्हणून चालू लागल्या.