सोडलेला चेंडू

संघातला जो फलंदाज चेंडू सोडण्याबद्दल प्रसिद्ध होता, तो त्या दौऱ्यावरच्या कसोटी सामन्यांत तीनदा, बॅट वर उचलून चेंडू सोडत असताना, बाद झाला. दोनदा त्रिफळाचीत, एकदा पायचीत. त्याच काळात सरावात त्याने सोडलेला एकही चेंडू यष्ट्यांना लागला नाही.

या फलंदाजाला आम्ही आजोबा म्हणत असू. घरी नातवंडे नव्हती, शाळेत जाणारी एक मुलगी होती. परंतु विशी-पंचविशीच्या पोरांत सदतीस वर्षांचा माणूस आजोबाच ठरतो, आणि त्यांनीही ते नाव फारशी कुरकुर न करता अंगाला लावून घेतले होते. त्यांची फलंदाजी पाहायला कोणी गर्दी करत नसे. त्यांना बाद करताना मात्र समोरच्यांच्या नाकी नऊ येत. टप्पा पडताक्षणी चेंडू यष्ट्यांवरून जाणार की यष्ट्यांवर येणार हे त्यांना कळे, आणि जाणारा चेंडू ते जाऊ देत. संघातल्या आपल्या साऱ्या कारकिर्दीत त्यांनी मुख्यतः हेच केले होते.

माझे काम मोजण्याचे. संघाबरोबर फिरू लागण्यापूर्वी मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवीत असे, म्हणून मी मास्तर. कॅमेरा, मोजपट्टी आणि संगणक एवढ्या सामग्रीवर मी खेळाडूंना त्यांच्याविषयी असे काही सांगत असे, जे त्यांना बहुधा ऐकायचे नसे.

शेवटची कसोटी तोंडावर आली तेव्हा दौऱ्याचा सगळ्यांनाच वीट आला होता. बॅगांच्या चेन लागेनाशा झाल्या होत्या. कपड्यांना प्रत्येक गावातल्या वेगळ्या साबणाचा वास येऊन शेवटी एकच ओलसर वास उरला होता. हॉटेलातल्या दिव्याचे बटण कुठे असेल हे हात अंधारात आधीच्या गावाच्या हिशेबाने शोधत आणि भिंतीवर आपटत. बसमध्ये कोणी गाणी लावत नव्हते. आमच्या जलद गोलंदाजांची अवस्था पाहून प्रशिक्षकांनी दुसऱ्या कसोटीनंतरच ठरवून टाकले होते की त्यांनी सरावात गोलंदाजी करायची नाही. जे काही उरले आहे ते सामन्यासाठी. त्यामुळे फलंदाजांना सराव देण्याचा सगळा भार एका माणसावर आला. त्याला आम्ही गोफण म्हणत असू.

गोफण हा खेळाडू नव्हे. त्याच्याकडे एक लांब काठी असे, तिच्या टोकाला चेंडू धरणारी खोबण. ती काठी फिरवून तो जलद गोलंदाजासारखा चेंडू फेकत असे, सकाळी आणि दुपारी, बोलावील त्याला. अंगाने आडवा, बोलायला तिखट. "माझ्याइतकी षटकं कोणी टाकली असती," तो म्हणे, "तर चौकात पुतळा उभारला असता. मला मिळतो तो केळ्यांचा घड."

आजोबांच्या बाद होण्याची कारणे प्रत्येकाने आपापल्या मगदुराप्रमाणे शोधली. व्यवस्थापकांनी त्यांची हॉटेलातली खोली बदलली. पुढल्या डावात आजोबा तसेच बाद झाले, तेव्हा व्यवस्थापक म्हणाले, "मजला बदलायला हवा होता."

"म्हणजे चेंडूला लिफ्ट लागते?" मी विचारले.

"मास्तर, सगळंच तुमच्या पट्टीत बसत नाही."

डॉक्टरांनी डोळे तपासले. तक्त्यावरची शेवटची ओळ आजोबांनी न अडखळता वाचली. परंतु तक्त्यावरची अक्षरे अंगावर धावून येत नाहीत, हे डॉक्टरांनाही ठाऊक होते. "डोळे चांगले आहेत," ते म्हणाले, "पण डोळ्यांपासून मेंदूपर्यंतचा उशीर मला इथे मोजता येणार नाही. वय आहे, काय सांगावं."

सांगावे असे काही नसताना वयाकडे बोट दाखवणे सोपे असते. प्रशिक्षकांना तेवढे बोट पुरे होते. सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी न्याहारीच्या टेबलावर ते मला म्हणाले, "संध्याकाळी संघ ठरवायचाय. यांची नजर गेली असेल तर बसवतो. गेली नसेल तर काय बिघडलंय ते सांगा, म्हणजे खेळवतो. 'काय सांगावं' हे उत्तर मला चालणार नाही."

या कसोटीत बसवलेल्या सदतीस वर्षांच्या फलंदाजाला पुढच्या मालिकेला कोणी बोलावत नाही. हे प्रशिक्षकांनी उच्चारले नाही. उच्चारण्याची गरजही नव्हती.

त्याच वेळी माझा फोन वाजला. आजोबांच्या पत्नीचा होता.

"भावजी, खरं सांगा. यांचे डोळे गेले का?"

"वहिनी, डॉक्टर म्हणतात चांगले आहेत."

"डॉक्टरांचं नका सांगू. सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं. आधी पायरी चुकायचे, मग माणसं. हे मला फोनवर म्हणतात, इथे हवा छान आहे. सोळा वर्षांच्या संसारात हे कधी हवेबद्दल बोलले नाहीत. घाबरलेत ते."

मी संध्याकाळपर्यंत सांगतो म्हणालो. आजोबा पलीकडच्या टेबलावर पावाला लोणी लावत होते. पावाच्या चारी कडांपर्यंत ते सारखे पसरले होते. पुरावा म्हणून त्याला काही किंमत नव्हती. तरी मी पाहिले.

एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता. नजर मंदावलेला माणूस सरावातही चुकायला हवा. आजोबा सरावात चुकत नव्हते. नजर काही सरावापुरती राखून ठेवता येत नाही. तेव्हा फरक माणसात नसून सराव आणि सामना यांच्यात होता. यात वेगाचा संशय मी कधीच निकाली काढला होता: गोफणच्या हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत यायला चेंडूला किती वेळ लागतो हे मी दररोज चित्रफितीवरून मोजत असे, आणि सराव संपल्यावर तो आकडा त्याला सांगत असे. तो सामन्यातल्या गोलंदाजांशी जुळत होता. टप्पेही जुळत होते. राहता राहिली उसळी.

मी हॉटेलातून एक पांढरी चादर मागून घेतली.

"कोण गेलं?" बसमध्ये चादर पाहून कर्णधार म्हणाला. वयाने तो आजोबांहून बराच लहान होता.

"अजून कोणी नाही. संध्याकाळी कळेल," मी म्हणालो.

सरावाच्या जाळीत यष्ट्यांच्या मागे मी चादर ताणून बांधली आणि त्यावर यष्ट्यांच्या उंचीची रेघ ओढली. आजोबा ज्या टप्प्याचे चेंडू सोडताना बाद झाले होते, तिथे खेळपट्टीवर चिकटपट्टी लावली. फलंदाज नको, नुसते चेंडू. गोफणला म्हणालो, पट्टीवर टाक. नव्या चेंडूचा लाल रंग चादरीवर छान उमटतो. गोफणचे जवळजवळ सगळे ठिपके रेघेच्या वर उमटले.

आता तुलनेला खरा गोलंदाज हवा होता. आमचा सर्वांत उंच जलद गोलंदाज बर्फाच्या टबात पाय सोडून डोळे मिटून बसला होता.

"एक षटक टाकशील?"

"मास्तर, माझ्या पायांना विचारा. मी त्यांच्याशी बोलत नाही सध्या."

"आजोबांसाठी आहे."

त्याने एक डोळा उघडला. मग टबातून बाहेर आला आणि पाय पुसू लागला. एका षटकाच्या नावाखाली त्याने तीन टाकली. त्याच पट्टीवर पडलेले त्याचे चेंडू चादरीवर वीतभर खाली उमटले. बहुतेक सगळे यष्ट्यांवर गेले असते.

गोलंदाज कमरेवर हात ठेवून चादरीकडे पाहत राहिला. "म्हणजे आजोबा सरावात शिकतात, हा चेंडू वरून जातो. आणि सामन्यात तोच बोकांडी बसतो."

"तसंच."

"पण का? गोफणचा चेंडू माझ्याच उंचीवरून सुटतो. तुम्हीच मोजून काठी निवडली होती ना?"

मीच निवडली होती. चेंडू सुटण्याची उंची तीच, टप्पा तोच, खेळपट्टी तीच, आणि उसळी जास्त. याचा अर्थ चेंडू टप्प्यावर अधिक उभ्या कोनात येत होता. तेवढ्याच उंचीवरून तेवढ्याच टप्प्यावर तो उभा येण्याचा एकच मार्ग आहे. मी खिशातून मोजपट्टी काढली.

गोफण ते पाहून जागचा हलला नाही. आपल्या उभे राहण्याच्या जागी तो नेहमी बुटाच्या टाचेने एक रेघ ओढत असे. पावलांनी मोजून, दर गावी, स्वतः. ती त्याची रीत होती आणि त्यात कोणी लक्ष घालत नसे, मीही नाही. ती रेघ असायला हवी त्याहून चांगली दोन पावले पुढे होती.

"कधीपासून?" मी विचारले.

"मोजू नका, मास्तर. आहे ते आहे." त्याने काठी डाव्या हातात घेतली. उजवा हात त्याने शरीराशी धरून ठेवला, परक्याचे सामान सांभाळावे तसा. "दुसऱ्या कसोटीनंतर खांदा गेला. वर जातो, पण जोर लागत नाही. मग अर्धं पाऊल पुढे आलो. पुढच्या गावात आणखी अर्धं."

"आणि वेग?"

"वेग कमीच होता. पण अंतरही कमी झालं ना. तुमचा आकडा बरोबर यायचा. रोज संध्याकाळी तुम्ही म्हणायचात, ठीक आहे. मी म्हणायचो, चला, आजचा दिवस निभावला."

मी दररोज वेळ मोजत होतो. अंतर मोजावे असे माझ्या मनात आले नव्हते, कारण ते बदलेल असे मला वाटले नव्हते. जी राशी आपण स्थिर धरतो ती खरोखर स्थिर आहे की नाही हे आधी तपासावे, असे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी पहिल्या तासाला सांगत असे.

"फिजिओकडे का गेला नाहीस?" गोलंदाजाने विचारले.

"तुझा खांदा दुखला की त्याला डॉक्टर मिळतो. माझा दुखला की मला विमान मिळतं, आणि माझ्या जागी दुसरा माणूस. मला वाटलं, चेंडू वेळेवर पोचतोय, कोणाचं काय बिघडतंय."

तेवढ्यात पॅड बांधून आजोबा आले. सरावाची त्यांची वेळ झाली होती. चादर, ठिपके, मोजपट्टी आणि आम्हां तिघांचे चेहरे पाहून ते थांबले. मी त्यांना जे होते ते सांगितले. सांगायला फार वेळ लागला नाही. ते आपल्या बॅगेवर बसले आणि ग्लोव्ह्ज काढून मांडीवर ठेवले.

"म्हणजे डोळे नाहीत?"

"डोळ्यांचा यात काही संबंध नाही. तुम्ही जे पाहिलंत ते बरोबर पाहिलंत. शिकलात तेही बरोबर शिकलात. फक्त ते दुसऱ्याच चेंडूविषयी होतं."

त्यांनी चादरीवरची रेघ पुन्हा एकदा पाहिली. आनंद झाल्यासारखे दिसले नाही. फार जड सामान खाली ठेवल्यावर माणूस बसतो, तसे बसले होते.

"बाकीच्यांना का नाही त्रास झाला?" त्यांनी विचारले.

"बाकीचे चेंडू मारतात. तो वीतभर इकडचा तिकडे झाला तरी बॅटला कुठेतरी लागतो. तुम्ही सोडता. आणि गोफणचे सर्वांत जास्त चेंडू तुम्हीच खेळता."

"हो. मला झोप लागत नव्हती, म्हणून जास्त सराव मागत होतो." ते गोफणकडे वळले. "अरे गाढवा, मला तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याकडून फेकून घेतलं असतं का?"

"नाही."

"मग?"

"मग काय मग. तीनदा विकेट गेली माझी. घरी बायको रडतेय, आणि मी तिला हवेच्या गोष्टी सांगतोय." त्यांनी उठून गोफणच्या हातातली काठी घेतली. "मी डोळ्यांचं लपवलं, तू खांद्याचं. दोघंही एकाच मापाचे शहाणे. चल फिजिओकडे. हात वर करू नकोस, गप चल."

गोफण निघाला. गोलंदाज पुन्हा रनअपच्या खुणेकडे चालू लागला. "आजोबांना आणखी तीन षटकं टाकतो," तो म्हणाला. "पायांना सांगू नका." फिजिओकडून परतल्यावर आजोबा ती षटके खेळले. त्या टप्प्यावरचा पहिला चेंडू त्यांनी सवयीने सोडला आणि यष्टी पडली. पुढचे त्यांनी खेळून काढले.

संध्याकाळी व्यवस्थापकांच्या खोलीत ते स्वतः, प्रशिक्षक, कर्णधार आणि मी एवढेच होतो. खुर्च्या अपुऱ्या, म्हणून कर्णधार पलंगाच्या कडेवर बसला होता. प्रशिक्षकांनी डोळे चोळले.

"मास्तर, नजर गेली की नाही? एका दमात सांगा, मला झोपायचंय."

"नाही गेली."

"मग?"

मी मग सांगितले, आणि ऐकून त्यांनी आजोबांचे नाव संघात घातले. गोफणला घरी पाठवू नये, असे कर्णधार स्वतःहून म्हणाला; उद्यापासून तो केवळ चेंडू गोळा करील, खांदा फिजिओ बघेल. व्यवस्थापकांनी खोलीचा विषय काढला नाही. वहिनींना मी बाहेर मोकळ्या जागेतून फोन केला.

त्या खोलीत मी सांगितलेले कारण असे: चेंडू फेकणाऱ्याचा खांदा दुखावला होता आणि परत पाठवतील या भीतीने त्याने ते सांगितले नाही, जोर कमी पडू लागला तसा तो दर गावी थोडा पुढे येऊन फेकू लागला, वेग आणि अंतर बरोबरीने घटल्यामुळे चेंडूला लागणारा वेळ तोच राहिला, म्हणून माझ्या मोजणीत काही आढळले नाही, परंतु जवळून फेकलेला चेंडू त्याच टप्प्यावर अधिक उभा पडतो आणि अधिक उसळतो, त्यामुळे जो टप्पा यष्ट्यांवरून जातो असे फलंदाज सरावात रोज पाहत होता, तो सामन्यात यष्ट्यांवर येत होता.