सोफ्याच्या पोटातलं नाव

कापड

वरून दिसतं ते असं. बाबा दुकानात खुर्चीवर कापड ताणून ठोकताहेत, तोंडात चुका, म्हणजे बारीक खिळे. मी त्यांची लेक, चहा ओततेय. दारात पालिकेच्या स्वच्छता खात्याच्या निरीक्षकबाई.

"सोफेवाले तुम्हीच?"

बाबांनी चुका तळहातावर काढल्या. "बसा. ती खुर्ची नको, तिचा गोंद ओला आहे."

बाईंनी मोबाइलवर फोटो दाखवला. ओढ्याकाठी राडारोड्याची पोती, शेजारी उताणा पडलेला सोफा. तळाचं कापड फाटलेलं. आतल्या फळीवर पेन्सिलीने बाबांचं नाव आणि दुकानाचा पत्ता.

माझा चहा बशीत सांडला.

स्पंज

सहा महिन्यांपूर्वी आम्ही नवा सोफा घेतला. बाबांनी लग्नात दिलेला जुना कुठे ठेवायचा? गल्लीतला टेम्पोवाला म्हणाला, "ताई, आत्ता उचलतो." परवाना आहे का, कुठे नेणार, काही विचारलं नाही. आधी घर मोकळं होऊ दे, एवढंच डोक्यात.

बाबांना सांगितलं, सासूबाईंच्या खोलीत हलवलाय.

तेव्हापासून प्रत्येक फोनवर: "विहीणबाईंच्या पाठीला मानवतो ना?"

एकदा सासूबाईंनीच फोन घेतला आणि माझ्यासाठी बिनदिक्कत ठोकून दिलं, "फार सुखाचा आहे हो, व्याही. उठवतच नाही."

स्प्रिंगा

"तुम्ही टाकलात?" बाईंनी बाबांना विचारलं.

"टाकायला बनवला नव्हता, बाई."

"मग कुणाचा?"

तळाचं कापड लावण्याआधी बाबा आतल्या फळीवर स्वतःचं नाव, पत्ता, तारीख आणि सोफा कुणासाठी ते लिहितात. चाळीस वर्षांचा नियम. मला लहानपणापासून माहीत. पण माझ्या सोफ्याखाली वाकून बघायचं मला कधी सुचलं नव्हतं.

बाईंनी फोटो मोठा करून वाचला. "'लाडीसाठी. भांडलात तरी दोघांनी यावरच बसायचं.' ही लाडी कोण?"

बाबांनी चष्मा लावला. वाचलं. माझ्याकडे बघितलंच नाही.

"इतकी गिऱ्हाइकं... आता कुणाकुणाला आठवू! लिहा माझ्यावर. नाव माझंच आहे."

"दंड होईल, काका. शिवाय दुकानाच्या परवान्यावर शेरा येईल."

"येऊ दे."

चाळीस वर्षांत बाबांच्या परवान्यावर साधा डाग नाही. भिंतीवर काच लावून टांगलाय तो.

"लाडी मी," मी म्हणाले.

लाकूड

"टेम्पोवाल्याचा नंबर?"

"आहे. 'सोफा काका' नावाने."

बाई हसू दाबत लिहीत राहिल्या. दंड मला, शेरा कुणालाच नाही. सोफा मात्र आठवड्यात उचलायचा, तोही परवाना असलेल्या कचरा वाहतूकदाराकडून. परवाना क्रमांक पालिकेच्या यादीशी ताडून बघायचा आणि माल कुठे उतरवला त्याची पावती घ्यायची.

त्या गेल्या. बाबांनी पुन्हा चुका तोंडात टाकल्या. मग काढल्या.

"आणि विहीणबाईंची पाठ?"

"बाबा..."

"उठवतच नाही म्हणे!" ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाठीवर थोपटलं. "अगं, मला सांगायचंस. मीच उसवला असता."

रविवारी ओढ्यावर आम्ही तिघं, म्हणजे नवराही. बाबांनी आधी करवतीने ती फळी कापून घेतली. मग वाहतूकदाराचं कार्ड उलटसुलट पाहिलं, पालिकेला फोन लावून क्रमांक मोठ्याने वाचला.

वाहतूकदार म्हणाला, "आजोबा, एवढी चौकशी मुलगी देताना करतात!"

"तेव्हा राहून गेली," बाबा म्हणाले.

चिखलातला सोफा एकट्याने तोलून धरलेला माझा नवरा म्हणाला, "ऐकतोय मी."

नव्या सोफ्याच्या पोटात कुणाचंच नाव नव्हतं. बाबांनी आमच्या घरी येऊन तो उलटा केला आणि ती फळी आत बसवली. सासूबाई देखरेखीला, आमच्यापैकी कुणाकडेही न बघता. कापड लावण्याआधी बाबांनी कानावरची पेन्सिल काढली आणि जुन्या ओळीखाली लिहिलं:

'विहीणबाईंच्या पाठीसाठी. या खेपेला खरोखर.'