कपाटातला शेवटचा धडा

शेवटचं वाक्य वाचून ती कपाटातून बाहेर आली, तेव्हा लॅपटॉप मेलेला होता.

कपाट म्हणजे कपड्यांचंच कपाट. रस्त्यावरचे हॉर्न, शेजारच्यांचा मिक्सर आणि सासूबाईंचे फोनवरचे संवाद यांतलं काहीही जिथे पोचत नाही अशी घरात तेवढी एकच जागा होती. लटकत्या कोटांच्या मध्ये ती गुडघे पोटाशी घेऊन बसायची. मांडीवर भूगोलाचं पुस्तक, कपाळाला बांधलेला टॉर्च, तोंडापुढे मायक्रोफोन. लॅपटॉपचा पंखा घरघरतो म्हणून तो बाहेर स्टुलावर, आणि मायक्रोफोनची वायर दाराच्या फटीतून आत. अंधांच्या ग्रंथालयासाठी ती हे पुस्तक वाचत होती. मुलगी झोपली की आत, मुलगी उठली की बाहेर, असं करत करत नद्या वाचल्या, डोंगर वाचले, वारे वाचले.

"कपाटात बसून बोलणारी सून मी जन्मात पाहिली नव्हती," सासूबाई म्हणायच्या. "माणसं भिंतीशी बोलतात, तू शर्टांशी बोलतेस."

"शर्ट मध्येच बोलत नाहीत ना, आई."

आज मात्र थट्टा सुचायची वेळ नव्हती. आजच सगळे धडे ग्रंथालयात पोचायला हवे होते. तिथे ते ऐकायच्या छोट्या यंत्रांवर भरले जाणार, आणि पाचला निघणारी गाडी ती यंत्रं वसतिगृहांत वाटत जाणार. परीक्षा तोंडावर आलेली. ज्या मुलांना वाचून दाखवायला कोणी नाही, त्यांना भूगोल मिळणार तो तिच्या तोंडूनच.

तिने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, दाबून धरलं, सोडलं. पडदा काळा ठिक्कर. त्यात तिचाच चेहरा दिसत होता, कपाळावर टॉर्च चालू राहिलेला, कोळशाच्या खाणीतून वर आल्यासारखा.

"असं नको ना करू रे," ती म्हणाली. "आज नको. उद्या मर हवं तर."

चार्जरची पिन काढून बटण दाबून धरलं, मग पिन पुन्हा लावली. मायक्रोफोनची वायर काढली. चार्जर दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटला लावून पाहिला. त्याच सॉकेटला टेबलावरचा दिवा लावला. दिवा लख्ख लागला. पडद्यावर तिरका टॉर्च मारून बघितलं, कुठे अंधुक काही उमटलंय का. लॅपटॉपच्या पाठीला कान लावला. ज्या घरघरीपायी त्याला कपाटाबाहेर ठेवलं होतं, ती घरघर आता ऐकू यावी म्हणून तिने श्वास रोखून धरला. आत सामसूम.

चार्जरच्या ठोकळ्यावरचा हिरवा दिवा तेवढा शांतपणे जळत होता. म्हणजे वीज येते आहे, तिने ताडलं. पोट ठीक आहे, डोकंच गेलंय.

लॅपटॉपच्या कडेलाही एक बारका दिवा होता, पण त्यावर तिनेच हत्तीचं स्टिकर चिकटवलं होतं. लाल लुकलुक दिसली की बिट्टी तिथे बोट खुपसायची. बिट्टी म्हणजे तिची लेक, नुकतीच बोलायला लागलेली, आणि लागल्यापासून न थांबलेली. "याला भूक लागली," असं तिला एकदा सांगितलं होतं, "आता हा जेवणार हं," आणि पिन लावली होती. तेव्हापासून लाल दिवा लुकलुकला की बिट्टी घर डोक्यावर घ्यायची. शेवटी स्टिकर लावून तो प्रश्नच मिटवला. सूचनांचे आवाजही तिने बंद केले होते, कारण ज्वालामुखीच्या धड्यात एक 'टिंग' घुसला आणि सगळा धडा पुन्हा वाचावा लागला.

तिने नवऱ्याला फोन लावला. तो कारखान्यात, मागे यंत्रांचा खडखडाट.

"बंद करून चालू कर," तो ओरडला.

"बंदच आहे! चालू होत नाही हेच तर सांगतेय."

"मग पेनड्राइव्हवर आहे ना तुझं सगळं? मागे केलं होतंस."

"हो!" तिच्या जिवात जीव आला. "हो, बरी आठवण केलीस. कुठे आहे तो? ड्रॉवरमध्ये नाही."

पलीकडे खडखडाट चालूच होता.

"गाडीत आहे," तो म्हणाला. "गाणी भरली मी त्यात."

"धड्यांच्या शेजारी ना?"

"जागा नव्हती गं. 'भूगोल' लिहिलं होतं. मला वाटलं, तुझं शाळेतलं काहीतरी असेल."

"माझ्या शाळेतलं? मी शाळेत होते तेव्हा पेनड्राइव्ह होते का?"

"चुकलं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका बारीक झाला की तिला रागवायलाही काही हाताशी राहिलं नाही.

बिट्टी पायाशी येऊन तिचा कुर्ता ओढत होती. "आई, आई, आई."

"थांब!" ती खेकसली. बिट्टीचा ओठ खाली लोंबला. सासूबाईंनी नातीला उचललं आणि सुनेकडे बघितलं. टोमणा जिभेवर आलेला दिसत होता, पण त्यांनी तो गिळला.

"रड आधी," त्या म्हणाल्या. "मग चपला घाल आणि दुरुस्तीवाल्याकडे जा. रडणं आणि चालणं एकदम जमत नाही."

"आई, वेळ नाही."

"मग नुसतं जा. आणि हिला घेऊन जा. मला दवाखान्यात नंबर लावायचाय."

एका खांद्यावर लॅपटॉपची पिशवी, दुसऱ्या कडेवर लेक, अशी ती निघाली. चौकात पोचेपर्यंत फोन वाजला. ग्रंथालयातले सर. ते स्वतः जन्मापासून अंध. कोणाचा श्वास कसा चालला आहे हे ते फोनवरून ओळखत.

"तुम्ही पळताय," ते म्हणाले.

तिने सांगून टाकलं.

"मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही," सर म्हणाले. "गाडी थांबवता येत नाही, पुढच्या गावांना कळवलेलं असतं. पण मी शेवटपर्यंत यंत्रांपाशी बसतो. मी परीक्षेला बसलो तेव्हा माझा भूगोल कोणी वाचला नव्हता. शेजारच्या मुलाला लाडीगोडी लावून नद्या तेवढ्या ऐकल्या होत्या. डोंगर राहूनच गेले."

हसावं म्हणून ते म्हणाले असावेत. तिला हसू आलं नाही. 'डोंगर राहूनच गेले' हे वाक्य पायात काटा मोडावा तसं तिच्याबरोबर दुकानापर्यंत आलं.

दुकान जिन्याखालचं, अरुंद. दुरुस्तीवाला डोळ्याला भिंग लावून कोणाच्या तरी फोनचं पोट फाडून बसला होता. मान वर न करता म्हणाला, "ठेवा. परवा या."

"दादा, परवा नाही चालणार. पाच वाजता..."

"ताई, इथे येणाऱ्या प्रत्येकाचे पाच वाजत असतात."

"मुलांची परीक्षा आहे. अंध मुलांची. त्यांचं पुस्तक आहे याच्यात."

त्याने भिंग वर केलं. तिच्याकडे बघितलं, बिट्टीकडे बघितलं, आणि फोन बाजूला सरकवला. "काय झालं होतं? पडला? पाणी सांडलं?"

"काही नाही. मी आत वाचत होते, बाहेर आले तर हा बंद."

"आत म्हणजे?"

"कपाटात."

त्याची भुवई उंचावली. त्याने तिचा चार्जर मीटरला लावला. चार्जर चांगला होता. आपल्याकडचा चार्जर लॅपटॉपला लावून बघितला. काही नाही. बटण बराच वेळ दाबून धरलं. काही नाही. मग तो खुर्चीत मागे टेकला.

"बोर्ड गेलेला दिसतो."

"मग आतली डिस्क काढा. दुसऱ्याला जोडून धडे तेवढे..."

"याच्यात डिस्क सुटी नसते, ताई. बोर्डावरच डाग देऊन पक्की बसवलेली असते. बोर्ड जगला तर ती जगली." त्याने स्क्रू-ड्रायव्हर उचलला. "उघडून बघतो. पण आशा ठेवू नका."

आशा ठेवू नका म्हटल्यावर माणूस दुसरं काय ठेवणार? ती स्टुलावर बसली. पुस्तक पिशवीत होतं. पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतलं तरी पाचपर्यंत फार तर एक धडा. कुठला घ्यावा? नद्या? डोंगर? आणि घसा तर आठवडाभर वाचून पार बसला होता. डोळ्यांतून पाणी आलं ते तिने थांबवलं नाही. सासूबाईंनी परवानगी दिलेलीच होती.

दुरुस्तीवाल्याने अवघडून इकडेतिकडे बघितलं आणि बरणीतलं एक बिस्किट बिट्टीच्या हातात दिलं.

बिट्टीने ते निम्मं तोडलं. एक तुकडा चघळून मऊ केला, तोंडातून काढला, टेबलाशी चवड्यांवर उभी राहिली आणि लॅपटॉपच्या कुशीतल्या पिनेच्या भोकापाशी नेला.

"घाश चिऊचा," ती त्याला हळूच म्हणाली. "आ कल."

दुरुस्तीवाल्याचा हात पहिल्याच स्क्रूवर थांबला.

"बिट्टी," ती म्हणाली. "बिट्टी, याला आधी पण भरवलं होतंस?"

"हो. भूक लागली त्याला." बिट्टीने हत्तीच्या स्टिकरवर बोट ठेवलं. स्टिकरचा एक कोपरा उचकटलेला होता. "लाल होता."

सकाळचं सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. धडा सुरू करून ती कपाटात. बिट्टी नेहमीपेक्षा लवकर उठलेली. मध्येच पाणी प्यायला ती बाहेर आली तेव्हा पिन निघून लोंबत होती, बिट्टी हातात अर्धी पोळी घेऊन भिंतीशी शहाण्यासारखी बसलेली. पिन सैल बसतेय असं वाटलं म्हणून तिनेच अंगठ्याने रेटून बसवली होती. घास तिनेच आत ढकलला होता. ठोकळ्यावरचा हिरवा दिवा खरंच सांगत होता, वीज येत होती. लॅपटॉपच्या तोंडात ती जात नव्हती. जुनी बॅटरी होती तेवढी पुरली आणि गप्प झाली. ओरडायची त्याला तिनेच बंदी केली होती.

दुरुस्तीवाल्याने भोकात उजेड पाडला. "अरे देवा," तो म्हणाला. "हे तर सिमेंट झालंय."

लाकडी काडीने, मग ब्रशने, मग बारीक फुंकरीने तो एकेक कण काढत राहिला. ती बिट्टीला छातीशी धरून उभी होती. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून ती घड्याळाकडेच बघत होती.

"हं," तो म्हणाला आणि पिन लावली.

तिने हत्तीचं स्टिकर नखाने ओरबाडून काढलं. खाली काळोख. मग बारीकसा लाल ठिपका, न लुकलुकणारा.

"जेवला!" बिट्टी किंचाळली.

पंखा घरघरला. ज्या आवाजाला तिने इतके दिवस शिव्या घातल्या, तो आवाज ऐकून तिला हुंदका फुटला. धडे जागच्या जागी होते. शेवटचा धडा आपोआप साठत गेला होता, फक्त अखेरचा परिच्छेद बॅटरीबरोबर गेला होता. तिने पिशवीतला मायक्रोफोन जोडला. दुरुस्तीवाल्याने न सांगता छताचा पंखा बंद केला, दार अर्धं ओढून घेतलं आणि दाराशी आलेल्या गिऱ्हाइकाला तोंडावर बोट ठेवून थोपवलं. फाटक्या आवाजात तिने तो परिच्छेद वाचला. मग धडा नीट जोडला आहे ना हे बघायला मधूनमधून ऐकू लागली.

आणि ऐकता ऐकता थांबली. 'समुद्राकडे वाहणारे वारे' म्हणून ती श्वास घेत होती, तिथे कपाटाच्या दारापलीकडून, अगदी दुरून, कोणीतरी कुजबुजत होतं: "घाश काऊचा."

कापायला हवं होतं. पण ते तिच्या वाक्यात असं मिसळलं होतं की कापायचं तर वारेच कापले जाणार. तिने सरांना फोन लावला.

"एका ठिकाणी माझ्या मुलीचा आवाज आलाय, सर. काढायला वेळ नाही."

"काय म्हणतेय?"

तिने सांगितलं.

"राहू द्या," सर म्हणाले. "आधी पाठवा."

दुकानाचं नेट धावतं होतं. एकेक धडा वर चढत गेला. नद्या गेल्या. डोंगर गेले. शेवटच्या धड्याची पट्टी भरायला इतकी रेंगाळली की दुरुस्तीवालाही तिच्या खांद्यावरून डोकावून, "चल, चल ना बाबा," म्हणू लागला. पट्टी भरली. थोड्या वेळाने सरांचा फोन आला, एवढंच म्हणाले, "आले सगळे. भरतोय यंत्रं."

ती तिथेच दुकानाच्या पायरीवर बसली. बिट्टी लॅपटॉपला थोपटून बाहेर आली आणि आईसमोर उभी राहिली.

"त्याचं पोट भललं?"

"भरलं गं राणी."

बिट्टीने थोडा विचार केला. "आता माझा घाश?"

तेव्हा तिला आठवलं. सकाळपासून घरात फक्त लॅपटॉप जेवला होता. बिट्टीला कोणी भरवलंच नव्हतं. आणि मिळालेल्या बिस्किटातलंही निम्मं तिने त्यालाच देऊ केलं होतं.

दुरुस्तीवाल्याने मागून अख्खी बरणी पायरीवर आणून ठेवली. तिने एक बिस्किट घेतलं, तुकडा मोडला आणि हात पुढे केला.

"आ कर," ती म्हणाली.