रोखलेला निकाल

फौजेतले दोघे दुकानात आले तेव्हा मास्तरांना वाटलं, गणवेश आवळून घ्यायला आलेत. छावणीजवळचं शिंप्याचं दुकान, अशी गिऱ्हाइकं रोजचीच. त्यांनी शिवणयंत्र थांबवलं आणि नजरेनेच माप घेतलं. उंच होता त्याच्या खांद्यात कापड जास्त होतं. मास्तरांच्या एका कानात इअरफोन होता आणि त्यात जनरेटरचा धडा चालला होता, डिझेलमध्ये पाणी शिरलं तर कसं ओळखायचं याचा. धडा संपतच आला होता, म्हणून त्यांनी हातानेच बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. उंच होता त्याने टोपी काढून हातात धरली, आणि मास्तरांना कळलं.

डिझेल घेऊन वरच्या ठाण्यावर जाणारी गाडी वळणावर घसरली होती. गाडीत त्यांची बायको होती.

ठाण्यावरचे सगळे जनरेटर तिच्या ताब्यात होते. तिथे तिला मिस्त्री म्हणत. फौजेतली मुदत संपत आली तशी ती मागच्या सुट्टीत एका दवाखान्यात जनरेटर सांभाळायची नोकरी विचारायला गेली होती. शिक्षण किती, असं तिथल्या माणसाने विचारलं. दहावी, ती म्हणाली. त्यापुढे? "त्यापुढे जनरेटर." तो माणूस हसला. ती घरी आली ती धुमसतच. त्याच आठवड्यात तिने मोबाइलवरच्या मोफत अभ्यासक्रमाला नाव घातलं. फौजेतल्या माणसाने हातानं शिकलेलं काम तपासून त्याला बाहेर चालेल असा दाखला द्यायचा, अशी ती सोय होती.

पण वर ठाण्यावर इंटरनेट कुठलं? वायरलेसच्या खोलीत एक फोन होता आणि संध्याकाळी तो पाळीने मिळायचा. मग दोघांनी सरळ वाटणी केली. दिवसा काजं-बटणं करताना मास्तर धडा ऐकायचे आणि संध्याकाळी फोनवर तिला सांगायचे. चाचणीचे प्रश्नही तेच वाचायचे. ती उत्तर सांगायची, हे बटण दाबायचे. यात काही चुकतंय असं दोघांच्या मनातही आलं नाही. तिच्या हाताखालचे दोघे जवानही फोनभोवती कोंडाळं करून ऐकत. "शिंप्याला लोक उगाच मास्तर म्हणतात," ती एकदा म्हणाली, "तुम्ही तेवढे खरे निघालात."

ती गेल्यावर काही दिवसांनी तिच्या अभ्यासक्रमाच्या खात्यावर निरोप आला. निकाल रोखला आहे, उत्तरं दुसऱ्याच कुणी दिल्याचा संशय आहे. परीक्षार्थी डोंगरात आणि चाचण्या बाजारपेठेत, हे संगणकाने बरोबर पकडलं होतं.

मेहुण्याने समजूत घातली. "दाजी, सोडा ना आता. ताईला का आता नोकरी करायचीये?"

"तुझी ताई लबाड होती असं लिहून ठेवलंय त्यांनी," मास्तर म्हणाले. "ते तसंच राहू देऊ?"

दुकानाला कुलूप घालून ते परीक्षा केंद्रावर गेले. तिथल्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि नियम सांगितला: उत्तर देणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्यासमोर हवा. मास्तर म्हणाले, वर कॅमेरा चालला असता तर मी मध्ये कशाला पडलो असतो. बाईंनी मग जरा चाचरतच विचारलं, की उत्तरं तुमचीच नव्हती हे आम्ही कशावरून मानायचं? धडे तर सगळे तुम्हीच ऐकलेत.

"सगळे पाठ आहेत," मास्तर म्हणाले. "कुठलाही विचारा, घडाघडा म्हणून दाखवतो. आणि मग मला तुमच्या खालच्या जनरेटरपाशी न्या. तेल कुठून ओततात तेही मला दाखवता येणार नाही. मी नुसता निरोप पोचवत होतो, बाई. काम ती करत होती."

पुढच्या खेपेला तिच्या तुकडीचे प्रमुख साक्षीला आले. फोनच्या वेळी खोलीभर माणसं असायची, उत्तरं तीच द्यायची, आम्ही सगळ्यांनी ऐकलंय, असं त्यांनी सांगितलं. बाईंनी ते टिपून घेतलं. मग दोन साहेब आत-बाहेर झाले आणि शेवटी एक तोडगा निघाला. तिच्या सेवेबद्दल सन्मानपत्र द्यायचं, छोटा समारंभ करायचा, आणि चाचण्यांचा विषय मिटवायचा.

सासूबाई सोबत होत्या. त्यांनी मास्तरांची बाही ओढली. घ्या ना, भिंतीवर लावू, म्हणाल्या.

"सन्मान तिला फौजेने दिलाय," मास्तर म्हणाले. "तुम्ही तेवढं सांगा, ती पास झाली की नापास. नापास म्हणालात तरी ऐकून घेईन. लबाड म्हणालात तर नाही ऐकणार."

मग प्रकरण वरच्या समितीकडे जाईल, वेळ लागेल, असं बाईंनी बजावलं. लागू दे, मास्तर म्हणाले. उठता उठता त्यांनी आणखी एक सांगितलं. तिच्या हाताखालच्या दोघांनीही त्याच अभ्यासक्रमाला नाव घातलंय, आणि संध्याकाळचे धडे त्यांना आता मीच सांगतो.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, त्यांचेही निकाल रोखले जातील."

"रोखा. उत्तरं ते देतील, बटण मी दाबीन. लपवून नाही, आधी सांगून. नियम करताना वर फोन किती आहेत ते बघायला कुणी गेलं नव्हतं, आता तरी जा."

 घरी आल्यावर, मुलगी तुमच्यासारखीच हट्टी होती, असं म्हणून सासूबाईंनी ताट वाढलं. मास्तर जेवले आणि फोनची वेळ झाली म्हणून दुकानात जाऊन बसले.

समितीची बैठक अजून झालेली नाही. तिच्या नावापुढे अजून 'रोखला' असंच आहे. लेखी चाचण्यांनंतर प्रत्यक्ष यंत्रावरची परीक्षा द्यायची होती, ती तिची राहिली.