ग्रहणातला कवडसा

भामाच्या सासूने खिडकीच्या फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या आणि ती दार ओढून घ्यायला वळली, तोच अंगणात दीनानाथ गुरुजी दिसले. हातात मधोमध भोक पाडलेला पुठ्ठा, मागे रोडपाली गावातली पोरं. दिवाळीतलं हे सूर्यग्रहण पोरांना त्या भोकातून भिंतीवर पाडून दाखवायचं, म्हणून निवृत्त गुरुजी पहाटेपासून तयार होते.

"पोरांना खुशाल न्या, गुरुजी. माझी सून बाहेर येनार नाय."

"मी कुठं काय म्हणतोय?"

"म्हनाल. तुमची सवय हाय ती."

पोरं हसली. आतून भामाचा आवाज आला, "गुरुजी, जरा आत या. विचारायचं हाय."

भामा एकेकाळी त्यांच्या वर्गात पहिल्या रांगेत बसायची. आता तिला सातवा महिना होता. खिडकीसमोरच्या भिंतीला टेकून ती पाय पसरून बसली होती. विळी, सुरी, सुई, सगळं सासूने माळ्यावर टाकलं होतं.

"तुमी शिकवलंत, चंद्राची सावली पडते. बाकी काय नाय."

"बाकी काही नाही."

"मग माझं पयलं बाळ?"

ते बाळ फाटलेला ओठ घेऊन जन्मलं होतं. त्याला दूध ओढता येईना. महिन्याच्या आत गेलं. पोटुशी असताना हिने ग्रहणात काहीतरी चिरलं, असं गाव म्हणालं होतं.

"तवा गिरान नव्हतंच," भामा म्हणाली. "पंचांग बघितलं मी."

"बघ! म्हणजे ग्रहणाचा संबंध नाही." फळ्यावरचं गणित सुटावं तसे गुरुजी खुलले.

"मग कशाचा?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"कदी कदी होतं, म्हनाले. परत होईल का, गुरुजी?"

"बहुतेक नाही."

"बहुतेक." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "सासूचं बरं हाय. ती सांगते, चिरू नको, शिवू नको, हलू नको. मला कायतरी करायला देते. तुमी सांगा, मी काय करू?"

माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं, लाजू नये, असं गुरुजींनी कितीतरी मुलांना शिकवलं होतं.

"माहीत नाही," ते म्हणाले. वर्गात हे वाक्य असं ऐकू येत नसे.

त्यांनी नजर वर नेली आणि ते थबकले. खिडकीच्या फळीतला एक खिळा कधीतरी पडला होता. ते भोक सासूच्या नजरेतून सुटलं होतं. त्यातून आलेला कवडसा भामाच्या डोक्याच्या वर, भिंतीवर पडला होता. रुपयाएवढा, आणि एका बाजूने कुरतडलेला.

"अगं, वर बघ! हा सूर्यच आहे. बाहेर मी पुठ्ठ्यातून हेच दाखवणार होतो. इथे तर खोलीच काळोखी!"

भामाने मान वळवली. "कोर होतेय त्याची!" ती लहान मुलीसारखी हसली.

"सूर्य वर चढेल तसा तो खाली येईल," गुरुजी बोलून गेले.

मग दोघांनीही, तो खाली कुठे येणार, तिकडे पाहिलं.

भामाचं हसू थांबलं. ती हलली नाही, हलायचं नव्हतं. गुरुजी चिंधी घेऊन खिडकीकडे निघाले.

"नको, बुजवू नका," ती पटकन म्हणाली. "बघू दे." आणि तिने दोन्ही हात पोटावर ठेवले.

हा नुसता उजेड आहे, असं सांगायला गुरुजींनी तोंड उघडलं. पण ते तिच्याशेजारी खाली बसले. कोर भिंतीवरून तिच्या केसांवर उतरली, मग खांद्यावर. ती पदरावरून घसरू लागली तेव्हा त्यांनी पुठ्ठा तिच्या पोटापुढे धरला. कोर पुठ्ठ्यावर आली आणि सरकत मधल्या भोकाशी पोचली. गुरुजींनी भोकावर बोट ठेवलं.

"गुरुजी, पुठ्ठा द्या ना!" बाहेरून पोरं ओरडली. "गिरान सुटायला लागलं!"

"आलो," गुरुजी म्हणाले.

त्यांनी बोट काढलं नाही.