जुनेच ब्रेक

बॉनेट आणि मडगार्ड यांच्यामधली फट — वर नखाएवढी, खाली किंचित रुंद... गुनवोरनं हातमोजा काढला आणि फटीवरून बोट फिरवलं. पत्रा गार होता. रंग इतका नवा, की त्यात तिचा चेहरा दिसत होता, आणि तो तिला पाहायचा नव्हता. पाच आठवडे ही गाडी फ्योर्डच्या, डोंगरांत शिरलेल्या त्या खाडीच्या, काठावरच्या या गॅरेजात उघडी पडून होती. आणि तेच पाच आठवडे तिची धाकटी बहीण तुरीद इस्पितळात, मांडीच्या हाडात सळई घालून.

"फट शोधतेयस होय?" ऑडमुंड चिंधीला हात पुसत आला. शाळेत तो तिच्या मागच्या बाकावर बसायचा. सत्तरीला टेकला तरी खोड्या काढणं सुटलं नव्हतं. "गाडी नवी होती तेव्हाही होती ती. तुला तेव्हा चष्मा नव्हता, दिसली नसेल!"

ती हसली नाही. तिनं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं — तुरीदच्या बाजूचं दार, दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचं, आता हिचं. दिवे पाहिले. पट्टे ओढून पाहिले. विचारायचं एकच होतं, आणि जितकं लांबवता येईल तितकं ती ते लांबवत होती.

"ब्रेक बदललेस ना?"

"कशाला? पहिल्याच दिवशी तपासले. जुनेच आहेत, पण ठणठणीत. मी हातही लावला नाही त्यांना."

ठणठणीत... शेजाऱ्यांना, चर्चमधल्या बायकांना, शुद्धीवर आलेल्या तुरीदला — सगळ्यांना तिनं सांगितलं होतं, ब्रेक लागलाच नाही. खोटं नव्हतं ते! बोटीच्या धक्क्याकडे उतरणारं वळण, ओला रस्ता, मधोमध मेंढी, आणि पाय — सगळा जीव एकवटून दाबलेला पाय — आणि गाडी थांबायची सोडून पुढे, आणखी पुढे, आणि तो चढत जाणारा, किंचाळणारा आवाज... तुरीदचा. तुरीदचाच ना? पण तुरीद तर म्हणाली होती, मला ओरडायलाही वेळ मिळाला नाही गं. मग ओरडत कोण होतं? मी? की इंजिन...

"निसरडं असतं तिथे," ऑडमुंड म्हणाला. तो चिंधीची घडी घालत होता, तिच्याकडे बघत नव्हता. आवाजात खोडी नव्हती, आणि त्याचीच तिला भीती वाटली. "इस्पितळापर्यंत मी चालवू का?"

"नको." किती पटकन म्हणाली ती!

ती आत बसली. फोन वाजला. तुरीद; आज तिला घरी सोडणार होते. "ताई, निघालीस का? मी कोट घालून दारात बसलेय केव्हाची. ब्रेक नीट केले ना त्यांनी?"

"हो," गुनवोर म्हणाली. "केलेत."

इंजिन सुरू झालं, अगदी हळू, गुरगुरल्यासारखं. खाली दोनच पेडल, क्लच नाहीच. डावीकडचा ब्रेक — तिला माहीत होतं, चाळीस वर्षं माहीत होतं, झोपेतसुद्धा सांगितलं असतं... त्या दिवशीही माहीत होतं. काचेबाहेर ऑडमुंड अजून उभा होता. डावीकडचा, ती मनात म्हणाली, डावीकडचा... आणि तिचा उजवा पाय, तिचं काहीच ऐकू येत नसल्यासारखा, चटईवर स्वस्थ पडून राहिला.